मल्लम्मेचा मोती

१

उमाशंकर शेटकारांनी आलमारी उघडली आणि त्यांच्या हातातली किल्ली खाली पडली.

मोत्यांना भस्म फुटलं होतं.

आत काळ्या मखमलीवर मोती मांडलेले होते आणि मधोमध त्यांच्या बायकोचा, मल्लम्मांचा फोटो. मल्लम्मा दिवाळीच्या आधी वारल्या. त्यानंतर त्यांच्या फोटोसाठी आणि मोत्यांसाठी म्हणून ही नवी आलमारी करून घेतली होती. कालपरवापर्यंत मोराच्या मानेसारखे हिरवे-निळे चमकणारे ते मोती आज पांढरे पडले होते. वरून कुणी राख भुरभुरवली असावी तसं ते दिसत नव्हतं. अंगातून घाम फुटावा तशी बारीक, दाणेदार राख प्रत्येक मोत्याच्या आतून वर आली होती. कुलूप जागच्या जागी होतं. काचेला कुठं फट नव्हती. आणि आतून आंबूस वास येत होता, लोणच्याच्या बरणीचं झाकण काढल्यावर येतो तसा.

मल्लम्मांच्या हाताचं लोणचं अख्ख्या अहमदपुरात नावाजलेलं होतं.

एकच मोती कोरा होता. फोटोच्या पायाशी ठेवलेला, सगळ्यांत मोठा, वाघनखासारखा वाकडा. घरात त्याला ‘मल्लम्मेचा मोती’ म्हणायचे. तो तेवढा लखलखत होता.

उमाशंकरांनी आलमारी पुन्हा बंद केली. काही दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण घरातली गोष्ट घरात राहते थोडीच! बाजारात कुजबुज सुरू झाली, मग गल्लीत, आणि शेवटी कुणीतरी तो शब्द उच्चारलाच. भानामती.

तेव्हा त्यांनी नांदेडला फोन लावला.

“धम्मप्रियाबाई, मल्लम्मा घरात आलीय,” ते म्हणाले. “तुम्ही लवकर या. लोक आमच्या कामवाल्या साखराबाईचं नाव घेऊन राहिलेत. अमावास्येला तिला माझ्या अंगणात उभी करणार हायेत.”

२

धम्मप्रिया सोनकांबळेंनी नांदेडच्या सरकारी प्रयोगशाळेत उभी हयात काढली होती. रक्ताचे डाग, विषाच्या बाटल्या, जळक्या कपड्यांचे तुकडे. निवृत्त झाल्या तरी पर्समधलं भिंग काही सुटलं नव्हतं. उमाशंकर आप्पा त्यांना पहिल्यांदा भेटले ते रुमालात एक मोती गुंडाळून. “खरा हाय का खोटा, येवढंच सांगा,” म्हणाले होते. ते काम प्रयोगशाळेचं नव्हतं. पण बाईंनी तो सहज भिंगाखाली धरला आणि टेबलावरचा चहा गार होईपर्यंत मान वर केली नाही.

आप्पांची डाळमिल होती. हरभऱ्याच्या खरेदीसाठी ते एकदा ऑस्ट्रेलियाला गेले, तेव्हा तिथल्या बंदरावर एका पाणबुड्यानं तळहात उघडून त्यांना तसला मोती दाखवला. अ‍ॅबलोनी नावाची एक चपटी समुद्री गोगलगाय थंड पाण्यात खडकाला चिकटून राहते. हजारो शिंपल्यांत एखादीच्या पोटात आपोआप मोती धरतो. तो गोल नसतो. कधी दातासारखा, कधी शिंगासारखा, कधी पाकळीसारखा, आणि एकासारखा दुसरा सापडत नाही. आप्पांना त्याचं वेडच लागलं. देशोदेशीच्या लोकांशी ओळखी काढून त्यांनी मोती जमवले. दाखवताना म्हणायचे, “ह्यो मुगायेवढा. ह्यो तुरीयेवढा. अन् ह्यो बघा, काबुली हरभरा!”

बाई वर्षातून एकदा तरी अहमदपूरला यायच्या. मग दोघं खिडकीपाशी बसून, मोती उजेडात फिरवत अख्खी दुपार काढायचे. हिरव्यातून गुलाबी उगवायचा, गुलाबी धरावा तर निळा होऊन निसटायचा. मल्लम्मा दारात उभ्या राहून बघायच्या आणि चहा ठेवून आत जायच्या.

या खेपेला बाई एसटीतून उतरल्या तेव्हा ऊन डोक्यावर होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. झळांमध्ये समोरची घरं पाण्यात बुडाल्यासारखी हलत होती. शेटकारांच्या फाटकावरची पाटी नवी होती. काचेसारखी पारदर्शक, आत झेंडूच्या पाकळ्या आणि सोनेरी वर्ख गोठवलेला. बाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं.

“मंजूनं केली ती,” फाटक उघडायला आलेला आप्पांचा मुलगा वीरेश म्हणाला. मंजुश्री ही त्याची बायको. “रेझिनचे क्लास घेती ती. या मॅडम, आप्पा वाटच बघून राहिलेत.”

आलमारी उघडल्याबरोबर बाईंनी डोळे मिटून वास घेतला. काचेच्या कडांना लावलेली पांढरी पुट्टी बोटानं दाबून पाहिली, नव्या प्लायवर हात ठेवला. काठावरचा एक छोटा मोती भिंगाखाली धरला, तेव्हा राखेचे दाणे सुयांसारखे उभे दिसले. पुसल्यावर खाली खड्डे होते.

“आप्पा, हे भस्म नाही,” त्या म्हणाल्या. “मोती म्हणजे शेवटी चुनाच. नवं प्लाय, त्यातला गोंद, ही काचेची पुट्टी, सगळ्यांतून आंबट वाफ सुटते. धूळ जाऊ नये म्हणून तुम्ही आलमारी घट्ट बंद केली आणि वर हा असला उन्हाळा. ती वाफ मोत्यांना खातेय. आजच्या आज सगळे बाहेर काढा.”

आप्पांनी मान हलवली. ते मोत्यांकडे बघत नव्हते, फोटोकडे बघत होते.

“वाफ असंल,” ते म्हणाले. “मग मल्लम्मेच्याच मोत्याला का लागली न्हाई?”

बाईंनी कोऱ्या मोत्याकडे हात नेला. आप्पांनी त्यांचं मनगट धरलं.

“त्येला कुणी शिवायचं न्हाई, अन् बाकीचेबी आत्ता काढायचे न्हाईत. अमावास्या होऊ द्या. ती गेल्यापासून म्यासुदिक उचलला न्हाई.”

त्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत वाफेची गोष्ट या गावात कुणीही ऐकणार नाही, हे त्यांना कळून चुकलं.

३

साखराबाई गावाबाहेरच्या वस्तीत एकटी राहायची. आजारपणात मल्लम्मांचं हागणंमुतणं तिनंच काढलं होतं. आता तिच्या दाराला कुणीतरी काळी बाहुली आणि लिंबू बांधलं होतं. शेजारची दारं भरदिवसा बंद. बाईंनी बराच वेळ कडी वाजवली तेव्हा आतून आवाज आला, “कोण हाय? मारायला आलाव का?”

आत अंधार होता. साखराबाई चुलीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. भुवईवर दगड लागल्याची खूण.

“तुझंच नाव का घेतलं गं लोकांनी?” बाईंनी विचारलं.

“माझ्याच तोंडानं माती खाल्ली, बाई.” तिनं पदर तोंडाशी धरला. “मल्लम्माअक्काला म्याच न्हाऊ घातलं. त्येंच्यात, लिंगायतांत, मेलेल्या माणसाला बसवून पुरत्यात, तुमाला ठाव असंल. पाटावर बसवलं, भस्म लावलं, डाव्या हातावर लिंग ठिवलं. उजवा हात मांडीवर. उघडा. म्या सोता बोटं सरळ केली होती. मग म्या फुलं आणाया गेले. परत येऊन बघते तर...”

ती थांबली. बाहेर वारा नव्हता, तरी दाराचं लिंबू हललं.

“तर काय?”

“अक्कानं मूठ मिटली होती.”

बाई जवळ सरकल्या.

“घट्ट. कायतरी धरून ठिवल्यावानी. म्या भ्याले. म्या उघडाया गेले तर मंजुश्रीताईनं मला बाजूला सरकवलं, वरून बेलाची पानं ठिवली. ते म्या शेजारणीला बोलले. आता मोत्यांना राख लागली तर समदे म्हणत्यात, तूच मुडद्यावर कायतरी करणी केलीस, तूच मूठ मारलीस. परवा मला त्या देवऋष्यापुढं हातावर कापूर जाळाया लावणार हायेत.” तिनं दोन्ही तळहात पुढं केले. “बाई, खरंच का वो मेलेलं माणूस मूठ मिटतं?”

४

दुसऱ्या दिवशी बाई घरातल्या तिघांशी वेगवेगळ्या बोलल्या.

पहिला शिवशंकर, आप्पांचा पुतण्या. मार्केट यार्डात त्याची आडत होती. देवऋष्याला सांगावा त्यानंच धाडला होता.

“काकाला कितींदा म्हणलं, इकून टाका. समुद्रातली हाडं घरात कशाला? त्या मोठ्या मोत्याचा फोटो म्या हैद्राबादच्या एका जव्हेऱ्याला पाठवलाबी होता. काका माझ्यावर बिघडले.”

“त्या मोत्याला तुम्ही हात लावलाय कधी?”

“ना बाबा! मला भ्याव वाटतं त्येचं.” आणि भीती त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच होती. “मॅडम, तुम्ही शिकलेल्या हायसा. पण काकू मेल्यावर मूठ मिटती, हे काय हाय सांगा की?”

मग वीरेश. तो मिलमधून आला, पाठीवर डाळीची भुकटी. त्याची नजर ठरत नव्हती.

“आलमारी तुम्ही करून घेतलीत?”

“व्हय. हलकं प्लाय वापरलं मिस्त्रीनं, मला मालूम होतं. आप्पाला बोललो न्हाई.” त्यानं घाम पुसला. “माझ्यामुळंच मोती मेले ना, मॅडम?”

“जुन्या लोखंडी कपाटातून मोती इकडं कुणी हलवले?”

“मी अन् मंजूनं. आप्पाला काही सुचतच नव्हतं. मोठा मंजूनं ठेवला, अव्वाच्या फोटोपुढं.”

“किल्ली?”

“आप्पा आंघोळीला गेले की देवघरात खुंटीला असती. अव्वा होती तवापासून तिथंच.”

शेवटी मंजुश्री. ती गच्चीवर पापड उन्हात घालत होती. दुसरं कुणी नव्हतं. खाली रस्ता ओस. दूर कुठंतरी हलगी वाजत होती, एकच ठेका, थांबून थांबून.

“उद्याची तयारी सुरू झाली वाटतं,” बाई म्हणाल्या.

मंजुश्रीनं पुढचा पापड उचलला.

“साखराबाईनं सासूबाईंचं फार केलं ना?”

“लई केलं.” ती म्हणाली. “पोटच्या पोरीनं केलं नसतं येवढं.”

बाईंनीही एक पापड पसरवला. मग सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, “मला एक कळत नाही बघ. ती आंबट वाफ खऱ्या मोत्याला सोडत नसते. मग तो मोठाच कसा सुटला? आप्पांनी हात लावू दिला असता तर भिंगाखाली धरला असता.”

मंजुश्रीच्या हातातला पापड मधोमध फाटला.

“देवाची मर्जी असंल,” ती म्हणाली.

५

अमावास्येच्या सकाळी आप्पांच्या ओरडण्यानं घर जागं झालं.

आलमारीचं दार सताड उघडं होतं. आप्पा दोन्ही हात जोडून उभे होते. मल्लम्मेच्या मोत्यावरही भस्म आलं होतं.

“रुसली,” ते पुटपुटले. “माझ्यावर रुसली ती.”

शिवशंकर उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हता. वीरेश आलमारीपाशी आला. मंजुश्री सगळ्यांच्या मागं, डोक्यावर पदर घेऊन. बाहेर हलगी आता गल्लीच्या तोंडाशी आली होती. तिच्या ठेक्याबरोबर खिडकीची काच थरथरत होती.

“आता तरी मला बघू द्या, आप्पा,” धम्मप्रियाबाई म्हणाल्या.

या वेळी आप्पांनी अडवलं नाही. बाईंनी मोती उचलला, भिंगाखाली धरला. नाकाशी नेला. पदरानं एकदाच पुसला. खालून तो आरशासारखा स्वच्छ निघाला. मग त्यांनी तो दातावर हळूच घासला.

बाहेर फाटक वाजलं. माणसं अंगणात शिरली. त्यांच्या मधोमध साखराबाईचं रडणं ऐकू आलं.

“दार लावून घ्या,” बाई म्हणाल्या. “हा मोती नाही.”

६

वीरेशनं शिवशंकरला आत घेऊन दार लावलं.

“बाकीच्यांवरची राख सुयांसारखी आहे, मोत्यातूनच उगवलेली. पुसली तर खाली खड्डे दिसतात,” बाई म्हणाल्या. “ही नुसती वरून लावलीय. देवघरातलं भस्म आहे, कापराचा वास येतो. खरा मोती दाताला रवाळ लागतो, हा गुळगुळीत आहे. आप्पा, तुम्ही विचारलं होतं, याच मोत्याला वाफ का लागली नाही. कारण यात चुनाच नाही. ज्याला सगळे चमत्कार म्हणत होते, तीच चोरीची खूण होती.”

“बदलला?” शिवशंकर ओरडला. “कुणी?”

“आलमारी केली तेव्हाच खोटा ठेवलेला असणार. आप्पा त्याला हात लावत नव्हते, म्हणून खपून गेलं. पण तो कोरा राहिल्यानं मला संशय आलाय, हे काल एका माणसाला कळलं आणि आज त्याला भस्म लागलं. शिवशंकर, तुमच्याशी मी ते बोलले नाही. वीरेश, तुमच्याशीही नाही. फक्त गच्चीवर बोलले. आणि रेझिनमध्ये रंग, वर्ख गोठवून अशी वस्तू करणारं या घरात एकच माणूस आहे.”

वीरेशनं वळून बायकोकडं पाहिलं. “मंजू?”

मंजुश्रीनं पदर मागं सारला. “म्या इकला न्हाई,” ती म्हणाली.

“माहीत आहे,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “तो कुठं आहे ते मला साखराबाईनं सांगितलं. तिला न कळता.”

आप्पांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग सुनेकडे.

“मूठ,” ते म्हणाले.

“व्हय, आप्पा.” मंजुश्री खाली बसली. “आत्या अंथरुणाला खिळल्या तवा मला म्हणल्या, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत्यात, मल्लम्मेचा मोती, मल्लम्मेचा मोती. आजवर माझ्या हातात दिला न्हाई. एकदा मागितला तर म्हणले, तुझ्या हाताला तेल-मीठ असतंय, खराब होईल. माझ्या नावाचा हाय ना, मग जाताना माझ्या हातात असू दे. म्हणल्या, त्येंना कळू नको देऊ, जिवाला लावून घेत्याल. म्हणून म्या तसाच दुसरा केला. त्यांना दाखवलाबी होता. लई हसल्या. त्या गेल्या तवा किल्ली खुंटीलाच होती...” तिनं आलमारीकडं पाहिलं. “साखराबाई फुलं आणाया गेली तवा म्या मूठ मिटली.”

“अन् ती बाई मार खात होती तवा गप बसलीस?” वीरेश म्हणाला.

“रोज सांगीन म्हणायची. रोज उशीर होत गेला.”

बाहेर हलगी थांबली. कुणीतरी घोगऱ्या आवाजात मंत्र म्हणायला लागलं. कापराचा वास दाराखालून आत आला.

शिवशंकरला घाई झाली. “काका, समाधी उकरावी लागंल. शेतातच हाय. आजच्या आज...”

“गप!” आप्पांचा आवाज इतका चढलेला घरात कुणी ऐकला नव्हता. “तुझ्या काकूच्या मुठीला हात लावतोस? म्या तिला जिती असताना एकदा दिला न्हाई. आता मेल्यावर काढून घ्याया जाऊ?”

मग ते फोटोसमोर गेले. शेवटी धम्मप्रियाबाईंना विचारलं, “मातीत टिकंल का वो तो?”

“आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडी असते, आप्पा. टिकेल.”

त्यांनी दार उघडलं.

७

अंगणात भर उन्हात साखराबाई गुडघ्यांवर बसली होती. तळहात पुढं, त्यावर कापराच्या वड्या. देवऋषी काडी ओढत होता. आप्पा अनवाणी पायऱ्या उतरले आणि तिच्या हातांवरचा कापूर त्यांनी झटकून टाकला.

“चला, निघा माझ्या अंगणातून,” ते देवऋष्याला म्हणाले. “भानामती न्हाई अन् काही न्हाई. चूक आमच्या घरातली हाय.”

“पोलिसांना मी मघाशीच फोन केलाय,” मागून धम्मप्रियाबाई म्हणाल्या. “असल्या कामाला कायद्यानं शिक्षा आहे. ज्यांना थांबायचंय त्यांनी खुशाल थांबा.”

गर्दी पांगली. देवऋषी झोळी सावरत आधी गेला, हलगीवाला त्याच्या मागं.

आप्पांनी साखराबाईपुढं हात जोडले. घडलेलं सगळं सांगितलं, मुठीचंसुद्धा. मंजुश्री बाजूला उभी होती. साखराबाई ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांतलं पाणी आटलं होतं.

“म्हंजी मेलेलं माणूस मूठ मिटत न्हाई,” ती म्हणाली.

“न्हाई.”

“मला वाटलं, म्या येडी झाले.” ती धडपडत उठली. आप्पांनी तिला पुन्हा कामावर यायला सांगितलं, तर तिनं मान हलवली. “तुमच्या घरी आता म्या येणार न्हाई. अन् हितं अंगणात सांगून काय उपेग? माझ्यासाठी दारं तिकडं वस्तीत बंद हायेत.”

“मग काय करू, सांग,” मंजुश्री म्हणाली.

साखराबाईनं तिला खालून वर न्याहाळलं.

“ताई, तुम्हीच येत जावा माझ्या घरी. रोज. दुपारच्याला, समद्यांच्या दारावरनं. माझ्या हातचं पाणी प्या, भाकर खावा, बसा जरा. कुणी इचारलं तर सांगा, मूठ म्या मिटली. लोकास्नी दिसू द्या.”

“किती दिवस?” शिवशंकरनं विचारलं.

“दारं उघडंस्तवर,” साखराबाई म्हणाली आणि उन्हातून एकटीच चालू लागली.

संध्याकाळपर्यंत बाईंनी आणि आप्पांनी मिळून सगळे मोती बाहेर काढले, स्वच्छ पाण्यात धुतले, खिडकीत सुती कापडावर वाळत घातले. बरेच कायमचे निस्तेज झाले होते. काहींत कडेकडेनं अजून हिरवा उरला होता. आप्पांनी काबुली हरभऱ्याएवढा एक उचलला, सुनेच्या हातात ठेवला आणि तिची बोटं मिटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुश्री वस्तीवर गेली. साखराबाईच्या दारातलं लिंबू आणि बाहुली तिनं स्वतःच्या हातानं सोडली, उंबऱ्यावर बसली, तांब्याभर पाणी प्याली. समोरच्या बंद दाराआडून कुणीतरी बघत होतं. कुणी काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तेव्हा समोरचं दार बोटभर उघडलं आणि आतून एक म्हातारी म्हणाली, “काय गं, शेटकाराच्या सुनंनं हितं कशाला यावं?”

मंजुश्री उठून उभी राहिली आणि सांगू लागली.